नर्सिंग होम कसे पारखावे?



बाजारात मडके घ्यायचे झाले तरी आपण ते बोटाने वाजवून पाहतो. वांगी उलटून पाहतो, तांदूळ तळहातावर घेऊन पाहतो. पण घरातले माणूस आजारी पडले की ते कोणत्या नर्सिंग होममध्ये न्यायचे, हे बहुतेक वेळा दुसरेच कोणी ठरवते. रिक्षावाला म्हणतो, "इथे न्या, लगेच घेतात." वस्तीतला डॉक्टर चिठ्ठी देतो, त्या चिठ्ठीमागे कट असतो की ओळख, हे आपल्याला कळत नाही. शेजारीण सांगते, "तिथे एसी आहे, फरशी चकचकीत आहे." मग सोने गहाण पडते, बचत गटातून पैसे उचलले जातात, आणि रुग्ण भरती होतो. काळजी कशी मिळते हे कळेपर्यंत डिपॉझिट भरून झालेले असते.

या महिन्यात आरोग्य पानावर हाच विषय घेतला आहे. नर्सिंग होम म्हणजे आपल्याकडे दहा, वीस, तीस खाटांचा खासगी दवाखाना. बहुतेकदा एखाद्या इमारतीच्या पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर, एक-दोन डॉक्टरांच्या मालकीचा. सगळी नर्सिंग होम वाईट असतात असे मुळीच नाही. लहान जागेत, कमी पैशांत, मन लावून काम करणारी मी पाहिली आहेत. चकचकीत काचेच्या दारामागे रुग्णाकडे रात्रभर कोणी फिरकत नाही, अशीही पाहिली आहेत. दोन्ही बाहेरून सारखीच दिसतात. फरक ओळखायला वैद्यकीय शिक्षण लागत नाही. कुठे पाहायचे आणि काय विचारायचे, एवढे माहीत असले की पुरते.

उपचार वेगळा, काळजी वेगळी

पहिली गोष्ट मनात पक्की करा. डॉक्टर दिवसातून एक-दोनदा राऊंडला येतात आणि प्रत्येक खाटेपाशी पाच-दहा मिनिटे थांबतात. उपचार काय करायचा ते ठरवतात. उरलेले तेवीस-साडेतेवीस तास रुग्ण असतो तो सिस्टर, मावशी आणि वॉर्डबॉय यांच्या हातात. औषध वेळेवर देणे, सलाईन संपण्याआधी पाहणे, ताप चढला हे ओळखणे, कूस बदलणे, लघवी किती झाली हे लिहिणे, बिघाड दिसताच डॉक्टरला बोलावणे, ही काळजी. चांगल्या सर्जनने केलेले ऑपरेशन वाईट काळजीने वाया जाऊ शकते. म्हणून "डॉक्टर मोठे आहेत" एवढ्यावर नर्सिंग होम निवडू नका. तिथली सिस्टर कशी आहे, ते पाहा.

आपल्याला ही कसोटी नवी नाही. अतिसाराने स्वतःच्याच घाणीत पडलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदासोबत स्वतः धुऊन काढले, ही कथा आपण विहारात ऐकलेली आहे. तिच्याच पुढे, विनयपिटकाच्या महावग्गात, रुग्णाची सेवा कोणी करावी याचे पाच गुण सांगितले आहेत. औषध नीट तयार करून देता आले पाहिजे. रुग्णाला काय मानवते आणि काय नाही, हे कळले पाहिजे. सेवा लोभाने नव्हे, मैत्रीभावाने केली पाहिजे. मलमूत्र, थुंकी, ओकारी उचलताना किळस वाटता कामा नये. आणि वेळोवेळी चांगल्या बोलण्याने रुग्णाचे मन उभारता आले पाहिजे. आजच्या नर्सिंगच्या पुस्तकात शब्द बदलले आहेत, यंत्रे आली आहेत. पण तपासायचे ते हेच पाच. पुढची सगळी यादी या पाच गुणांवरच उभी आहे.

दारात पाऊल ठेवताच: भिंत वाचा

महाराष्ट्रात खासगी दवाखान्यांसाठी १९४९चा नर्सिंग होम नोंदणी कायदा आहे. नोंदणीचे प्रमाणपत्र सहज दिसेल अशा जागी लावावे लागते. ते शोधा. त्यावर नाव कोणाचे, मुदत कधीपर्यंत, किती खाटांसाठी नोंदणी आहे, हे वाचा. नोंदणी दहा खाटांची आणि आत वीस रुग्ण झोपवलेले असतील, तर दहा जणांपुरते असलेले मनुष्यबळ वीस जणांत वाटले जात आहे, हे ओळखा.

२०२१मध्ये या कायद्याचे नियम सुधारले गेले. त्यानुसार रुग्णहक्कांची सनद आणि सेवांचे दरपत्रक दर्शनी भागात लावणे बंधनकारक आहे. भिंतीवर देवांचे फोटो आणि डॉक्टरांचे सत्काराचे फोटो आहेत, पण सनद आणि दरपत्रक नाही, तर शांतपणे विचारा, "दरपत्रक कुठे लावले आहे?" या प्रश्नाचे उत्तर कोणत्या आवाजात येते, त्यावरूनही बरेच कळते.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हा दवाखाना आहे का, आणि आपल्या आजारासाठी आहे का, हे दोन्ही आधी विचारा. योजनेच्या १५५३८८ या क्रमांकावरही विचारता येते. योजनेत बसणाऱ्या उपचारासाठी वरून रोख मागितली, तर ती देण्याआधी याच क्रमांकावर कळवा.

सिस्टर कोण आहे?

पांढरा किंवा निळा गणवेश घातला म्हणजे नर्स होत नाही. जीएनएम हा तीन वर्षांचा डिप्लोमा आहे, एएनएम दोन वर्षांचा, बीएस्सी नर्सिंग चार वर्षांची पदवी. हे शिक्षण पूर्ण केलेल्यांची नोंद महाराष्ट्र परिचर्या परिषदेत होते आणि त्यांना नोंदणी क्रमांक मिळतो. नीट विचारा: "सिस्टर, तुमचे शिक्षण कुठे झाले? रात्रपाळीला नोंदणी असलेल्या सिस्टर कोण असतात?" यात अपमान काही नाही. शिकलेली सिस्टर अभिमानाने उत्तर देते.

अनेक लहान दवाखान्यांत या जागी सहा महिन्यांचा खासगी कोर्स केलेल्या किंवा काहीच कोर्स न केलेल्या मुली ठेवतात. त्यांना "सिस्टर" म्हणतात, बारा-बारा तास राबवतात आणि मजुरीपेक्षा कमी पगार देतात. या मुली कोण आहेत? त्यातल्या कितीतरी आपल्याच वस्तीतल्या आहेत. दहावी-बारावी करून घराला हातभार लावायला निघालेल्या आपल्या लेकी. म्हणून राग त्या मुलीवर काढू नका. इंजेक्शन द्यायला तिला कोणी लावले, तिच्या डोक्यावर शिकलेली सिस्टर का नाही, हा प्रश्न मालकाला विचारा. मदतनीस मुलीने रुग्णाला जेवू घालणे, चादर बदलणे, कूस बदलायला हात लावणे हे योग्यच आहे. शिरेतून इंजेक्शन देणे, रक्त चढवणे, ऑपरेशननंतरच्या रुग्णावर लक्ष ठेवणे हे तिच्या एकटीवर सोडता येत नाही.

आणि वस्तीतल्या ज्या मुलींना या कामाची आवड आहे, त्यांनी प्रवेश घेण्याआधी ती संस्था परिचर्या परिषदेने मान्य केलेली आहे का, हे तपासावे. मान्यता नसलेल्या कोर्सवर आईच्या कानातले विकू नका.

हात, सुई, सलाईन

रुग्णाजवळ बसून अर्धा तास फक्त हात पाहा. सिस्टर एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाताना हात धुते का, किंवा हाताला जंतुनाशक चोळते का? वॉर्डात बेसिन आहे का, त्याला पाणी आणि साबण आहे का? हातमोजे घातले आहेत म्हणजे स्वच्छता झाली, असे नाही. तेच मोजे घालून चार रुग्ण हाताळले, तर एकाचे जंतू चौघांना जातात.

इंजेक्शनची सिरिंज आपल्यासमोर नव्या पाकिटातून काढली पाहिजे. औषध देण्याआधी सिस्टर रुग्णाचे नाव विचारते का, फाईल पाहते का? आम्हाला शिकवलेला नियम सोपा आहे: योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. तुम्ही विचारलेत, "सिस्टर, हे कशाचे आहे?" तर उत्तर मिळाले पाहिजे. "डॉक्टरांनी लिहिलंय, तुम्हाला काय करायचंय?" हे उत्तर नव्हे. रुग्णाला एखाद्या औषधाने पूर्वी पुरळ आली असेल, दम लागला असेल, तर ते भरतीच्या वेळीच सांगा आणि फाईलवर मोठ्या अक्षरांत लिहायला लावा.

सलाईनसाठी हातात बसवलेली नळी, जिला दवाखान्यात इंट्राकॅथ म्हणतात, तिच्या चिकटपट्टीवर बसवल्याची तारीख लिहिलेली असावी. जागा लाल झाली, सुजली, दुखू लागली किंवा गरम लागली, तर लगेच सांगा. ती काढून दुसरीकडे बसवावी लागते. सलाईन लावल्यावर हात फुगत असेल, तर पाणी शिरेत नव्हे, मांसात जात आहे.

वापरलेली सुई कुठे टाकतात, तेही पाहा. २०१६च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार सुया आणि पाती पांढऱ्या, न भोसकणाऱ्या डब्यात जातात. रक्ताने भिजलेला कापूस आणि पट्ट्या पिवळ्या पिशवीत, सलाईनच्या नळ्या आणि प्लास्टिक लाल पिशवीत, काच निळ्या डब्यात. सगळे एकाच बादलीत जात असेल, तर ती बादली शेवटी रिकामी करणारे हात बहुतेक वेळा आपल्याच समाजाचे असतात. सुई टोचते ती त्यांना. काळजी रुग्णाची घ्यायची आणि सफाई कामगाराचा जीव धोक्यात घालायचा, हा दवाखाना चांगला कसा म्हणायचा?

रक्त चढवताना पिशवीवरचे नाव, रक्तगट, क्रमांक आणि मुदत दोघांनी मिळून तपासायची असते. पहिली पंधरा मिनिटे सिस्टरने रुग्णाजवळ थांबायचे असते. थंडी वाजणे, कंबर दुखणे, दम लागणे, अंगाला खाज येणे यांपैकी काही झाले, तर रक्त ताबडतोब बंद करायला सांगा.

कागद बोलतो

प्रत्येक रुग्णाच्या फाईलमध्ये एक तक्ता असतो. त्यात ताप, नाडी, श्वास, रक्तदाब, ऑक्सिजनचे प्रमाण वेळेसह लिहिलेले असते. मोठ्या माणसाची नाडी शांत असताना मिनिटाला साधारण ६० ते १००, श्वास १२ ते २० आणि ऑक्सिजन ९५ किंवा त्याहून अधिक असतो. दम्याच्या किंवा फुप्फुसाच्या जुन्या रुग्णाचे आकडे वेगळे असू शकतात, ते डॉक्टरांना विचारा. पण आकड्यांपेक्षा मोठा प्रश्न हा की तक्ता खरा आहे का? सकाळी सातला एकदम रात्री दहा, दोन आणि सहाचे आकडे एकाच शाईने, एकाच दमात भरताना दिसले, तर समजा, रात्री कोणी तपासलेलेच नाही.

तुम्हीही एक वही ठेवा. शाळेची शंभर पानी चालेल. कधी ताप आला, कोणते औषध दिले, लघवी कितीदा झाली, सिस्टरला कधी बोलावले आणि त्या कधी आल्या, डॉक्टर काय म्हणाले. घरातल्या आठवी-नववीतल्या मुलीनेही ही वही नीट ठेवलेली मी पाहिली आहे. वही उघडलेली दिसली की राऊंडवर डॉक्टर दोन मिनिटे जास्त थांबतात, हा माझा अनुभव आहे.

अंथरुणाला खिळलेला रुग्ण

काळजीची सर्वात खरी परीक्षा इथे होते. लकवा झालेले, मांडीचे हाड मोडलेले, वय झालेले रुग्ण स्वतः हलू शकत नाहीत. साधारण दर दोन तासांनी त्यांची कूस बदलली नाही, तर माकडहाड, कुल्ले, टाचा, खांद्याची हाडे आणि डोक्याची मागची बाजू इथे बेडसोर होतात. पुस्तकात लिहिलेले असते की आधी कातडी लाल होते. आपल्या सावळ्या कातडीवर लाल दिसतेच असे नाही. म्हणून आजूबाजूपेक्षा काळसर, जांभळट डाग, हाताला गरम किंवा टणक लागणारी जागा शोधा. बोटाने दाबून सोडल्यावरही डागाचा रंग बदलत नसेल, तर तो बेडसोरचा पहिला इशारा आहे. भरतीच्या दिवशीच पाठ पाहून घ्या आणि रोज पाहत राहा. पाण्याची किंवा हवेची गादी दिली म्हणून कूस बदलणे थांबत नाही.

लघवीची पिशवी रुग्णाच्या कमरेपेक्षा खाली टांगलेली असावी, पण जमिनीला टेकलेली नसावी. नाकातल्या नळीतून अन्न देताना डोक्याकडची बाजू वर उचललेली असावी. आडवे झोपवून अन्न दिले, तर ते फुप्फुसात जाऊ शकते.

आणि बेडपॅन. रुग्णाने हाक मारल्यावर तो किती वेळाने येतो? रुग्ण ओल्या चादरीवर किती वेळ पडून राहतो? "डायपर घातलंय ना, होऊ दे त्यात" असे कोणी शुद्धीतल्या माणसाला म्हणते का? पाच गुणांतला चौथा गुण इथे तपासा. एसीने हे भरून निघत नाही.

बाळंतीण आणि बाळ

वस्तीतल्या बायका नर्सिंग होममध्ये जातात त्या सर्वाधिक बाळंतपणासाठी. आपल्या देशात बाळंतिणींचे मृत्यू सर्वात जास्त होतात ते रक्तस्रावाने, आणि तो बहुधा बाळ झाल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत होतो. म्हणून पहिल्या दोन तासांत साधारण दर पंधरा मिनिटांनी सिस्टरने नाडी, रक्तदाब आणि रक्तस्राव पाहायचा असतो, पोटावर हात ठेवून गर्भाशय टणक आहे का ते तपासायचे असते. घरचे सगळे बाळ पाहायला धावतात आणि आई एकटी पडते. एका बाईने आईजवळच थांबावे. पॅड काही मिनिटांतच भिजत असेल, आईला घाम फुटत असेल, डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर ओरडून बोलवा, थांबू नका.

बाळ रडले आणि ठीक असले, तर त्याला आईच्या छातीवर उघड्या अंगाने ठेवायचे, तासाभरात अंगावर पाजायचे आणि पहिल्या दिवशी अंघोळ घालायची नाही. बाळाच्या हातात किंवा पायात आईच्या नावाची पट्टी हवी. "दूध येत नाही" म्हणून लगेच डब्याच्या दुधाची चिठ्ठी देणारा दवाखाना आईला मदत करत नाही. बाळाला छातीशी कसे धरायचे, हे बसून शिकवणारी सिस्टर मदत करते.

रात्री काय असते?

दुपारी बारा वाजता सगळीच नर्सिंग होम चांगली दिसतात. तिथे ओळखीचे कोणी भरती असेल, तर रात्री अकरानंतर एकदा जाऊन या. रुग्ण किती आणि जागी माणसे किती, ते मोजा. रात्री हजर राहणारा डॉक्टर कोण, त्याची पदवी काय, मोठे डॉक्टर किती वेळात पोचतात, हे विचारा. घंटा वाजवल्यावर कोण येते? ऑक्सिजनचा सिलिंडर भरलेला आहे का, की त्याचा काटा शून्यावर आहे? वीज गेली तर जनरेटर आहे का? "आयसीयू" अशी पाटी असेल, तर त्या खोलीत रात्रभर एक शिकलेली सिस्टर बसते की नुसते यंत्र बीप करत असते?

आगीचाही विचार करा. ९ जानेवारी २०२१ रोजी मध्यरात्रीनंतर भंडारा जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षात आग लागून १० बाळे गेली. ते सरकारी रुग्णालय होते. खासगी दवाखान्यातही वायरिंग तीच आणि रात्रही तीच. जिन्यात खोकी रचली आहेत का? मागच्या दाराला कुलूप आहे का? आग विझवण्याच्या नळकांडीवरची तारीख उलटून गेली आहे का? हे पाहायला दोन मिनिटे लागतात.

आवाज कसा आहे?

काही गोष्टी तक्त्यात सापडत नाहीत. वयाच्या आजोबांना "ए म्हाताऱ्या" म्हणतात की "बाबा"? कळा देणाऱ्या बाईला शिव्या देतात, चापट मारतात का? तपासताना पडदा ओढतात का? आणि आपल्या लोकांनी आणखी एक पाहावे: आडनाव आणि पत्ता सांगितल्यावर आवाज बदलतो का? दुसऱ्या रुग्णांना "अहो" आणि आपल्याला "अरे" होते का? पाण्याचे भांडे, खाट, बसायची जागा वेगळी होते का? जातीवरून रुग्णालयात प्रवेश नाकारणे हा १९५५च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यानुसार आणि १९८९च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यानुसारही गुन्हा आहे. आदराने बोलणे ही दवाखान्याने केलेली मेहेरबानी नव्हे, तो काळजीचाच भाग आहे. घाबरलेला, अपमानित रुग्ण दुखणे लपवतो, आणि लपवलेले दुखणे वाढते.

सही, बिल आणि फाईल

संमतीपत्र मराठीत वाचून दाखवायला सांगा. कोऱ्या किंवा अर्धवट भरलेल्या कागदावर सही अथवा अंगठा देऊ नका. ऑपरेशन का, दुसरा पर्याय काय, धोका काय, खर्च अंदाजे किती, हे विचारल्यानंतरच सही करा. घाई जिवाची असेल, तर डॉक्टर तसे स्पष्ट सांगतील.

औषधे दवाखान्याच्याच मेडिकलमधून घेण्याची सक्ती करता येत नाही. बिल तपशीलवार मागा. बिल भरले नाही म्हणून रुग्णाला किंवा मृतदेहाला अडवून ठेवता येत नाही. फाईलच्या प्रती लेखी मागितल्यावर ७२ तासांत द्याव्या लागतात. हे कागद दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्यायला लागतात, आणि गरज पडली तर तक्रारीलाही.

अपघात, हृदयविकार, अडलेले बाळंतपण अशा तातडीच्या वेळी "आधी पैसे" म्हणून दार लावता येत नाही. प्राथमिक तातडीचा उपचार सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरने दिलाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९मध्ये परमानंद कटारा खटल्यात सांगितले आहे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मोफत आहे.

काही चुकते आहे असे दिसले तर

आधी सिस्टरला सांगा, मग हजर डॉक्टरला, मग मुख्य डॉक्टरला. नुसते "बरे वाटत नाही" म्हणू नका. "दोन तासांपासून दम वाढला आहे, सकाळपासून लघवी झाली नाही" असे वेळेसह सांगा. रुग्णाची शुद्ध हरपत आहे, श्वास वाढतो आहे, लघवी बंद आहे, रक्त थांबत नाही, आणि डॉक्टर पोचत नाहीत, तर मोठ्या रुग्णालयात हलवण्याचा निर्णय लांबवू नका. हलवताना संदर्भचिठ्ठी आणि दिलेल्या औषधांची यादी सोबत घ्या.

तक्रार लेखी करा, तारखेसह, आणि पोच घ्या. नर्सिंग होमविरुद्ध महापालिका हद्दीत महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे जा. इतरत्र जिल्हा शल्यचिकित्सक किंवा जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे. डॉक्टरच्या निष्काळजीपणाबद्दल महाराष्ट्र वैद्यकीय परिषद आहे. पैसे देऊन घेतलेल्या उपचारासाठी ग्राहक आयोगाचे दारही उघडे आहे. तिथे दोन वर्षांच्या आत जावे लागते आणि वकील असलाच पाहिजे असे नाही.

पोरांना एक मात्र ठामपणे सांगा. काच फोडू नका, कोणावर हात उचलू नका. डॉक्टर, नर्स यांच्यावरच्या हल्ल्यासाठी २०१०चा स्वतंत्र कायदा आहे आणि तो गुन्हा अजामीनपात्र आहे. दवाखान्याची चूक मागे राहते आणि वस्तीतली चार पोरे आत जातात. त्या रात्री पकडलेली गच्ची आपल्याला न्याय देत नाही. वहीतल्या नोंदी, फाईलच्या प्रती आणि पोच घेतलेला अर्ज देतात.

वस्तीने मिळून करायचे काम

रुग्ण घेऊन रात्री दोन वाजता धावताना हे काहीच तपासता येत नाही. म्हणून तपासणी आजच करायची, सगळे धडधाकट असताना. महिला मंडळाने दोन-दोन जणींची जोडी करून आसपासच्या पाच-सहा नर्सिंग होममध्ये जाऊन यावे आणि विहारात एक नोंदवही ठेवावी. ज्यांचे माणूस नुकतेच भरती होते, त्यांचा अनुभवही त्यात लिहावा. चांगला आणि वाईट, दोन्ही. ऐकीव नको, पाहिलेले लिहा. या वहीने सर्जनचा हात कसा आहे, ते कळणार नाही. काळजी कशी आहे, ते नक्की कळेल.

वहीत प्रत्येक दवाखान्यासाठी हे दहा प्रश्न लिहा:

१. नोंदणी प्रमाणपत्र लावले आहे का, मुदत आहे का?
२. दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दिसते का?
३. दिवसा आणि रात्री नोंदणी असलेल्या सिस्टर किती, रुग्ण किती?
४. रात्री कोणता डॉक्टर हजर असतो?
५. दोन रुग्णांच्या मध्ये हात धुतात का?
६. सुया पांढऱ्या डब्यात जातात का?
७. तक्ता वेळच्या वेळी भरला जातो का?
८. हाक मारल्यावर किती मिनिटांत कोणी येते?
९. ऑक्सिजन, जनरेटर, रुग्णवाहिका आणि मोकळा जिना आहे का?
१०. गरीब रुग्णाशी कसे बोलतात?

दहापैकी दहा गुण कोणालाच मिळणार नाहीत. पण तिसरा, पाचवा आणि आठवा प्रश्न जिथे नापास होतो, तिथे आपले माणूस ठेवू नका. मग फरशी कितीही चमकत असो. आणि जिथे हे तीन पास होतात, तिथल्या सिस्टरचे नाव वहीत आवर्जून लिहा. पुढच्या वेळी भेटाल तेव्हा तिला सांगा की आमच्या वस्तीने तुमचे नाव लिहून ठेवले आहे. असे सांगणारे तिला फार कमी भेटतात.